हॉर्सशू क्रॅब

हॉर्सशू क्रॅब : घोड्याच्या नालेसारखी टणक पाठ आणि काट्यासारखी लांब शेपटी असलेला, संधिपाद संघातील सागरी अपृष्ठवंशी प्राणी. अमेरिकेतील जातीचे शास्त्रीय नाव लिम्युलस पॉलिफीमस. नावात क्रॅब असला तरी हा खेकडा नव्हे. कोळी आणि विंचू हे त्याचे जवळचे नातलग. त्याच्या वंशाचे जीवाश्म सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भारतात ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर याच कुळातील दोन जाती आढळतात.

मे-जूनमधील अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला अमेरिकेतील जातीचे हे प्राणी तिथल्या डेलावेअर उपसागराच्या पुळणीवर हजारोंनी चढतात. मादी वाळूत खळगा करून एका वेळी चारेक हजार हिरवट अंडी घालते. रेड नॉट हे स्थलांतरी पक्षी आर्क्टिककडे जाताना इथेच उतरतात आणि या अंड्यांवर पोसून पुढची झेप घेतात.

त्याचे रक्त तांबेयुक्त हिमोसायनिनमुळे निळे असते, पण खरे मोल रक्तातील पेशींचे. जंतूंचे अंतर्विष लागताच त्या रक्त गोठवतात. अमेरिकेतील वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये जंतुसंसर्गाने रक्त गोठण्याचा हा प्रकार नोंदवला. पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी त्यावरून औषधातील अंतर्विष ओळखणारी एलएएल (लिम्युलस अमीबोसाइट लायसेट) चाचणी घडवली. त्याआधी औषध सशाला टोचून ताप येतो का, हे पाहत. आज इंजेक्शने, सलाइन, लसी यांच्या शुद्धतेची परीक्षा या रक्तावर होते. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र या प्राण्याचे नावही कोणी घेत नाही, आणि हे खटकते. रक्ताखेरीज या प्राण्याचा डोळाही संशोधनाला उपयोगी पडला; त्याच्या चेतातंतूंवर केलेल्या कामासाठी हॅल्डन केफर हार्टलाइन १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

एकोणिसाव्या शतकात डेलावेअरच्या काठी हेच प्राणी लाखोंनी दळून शेतात खत म्हणून टाकले जात. नंतर ते ईल आणि शंखांच्या मासेमारीत आमिष झाले. न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये ही पकड बंद केली. चाचणीसाठी रक्त काढून प्राणी समुद्रात परत सोडतात, तरी त्यातले काही दगावतात. व्यवस्थापनाच्या हिशेबात हे प्रमाण १५ टक्के धरले जाते. रक्ताऐवजी प्रयोगशाळेत बनवलेले ‘फॅक्टर सी’ हे प्रथिन वापरणारी चाचणी सिंगापूरच्या संशोधनातून पुढे आली. अमेरिकन औषधकोशात तिला २०२५ पासून स्थान आहे.