नागपूर कसें पाहावें?



गेल्या हिंवाळ्यांत माझे एक मेहुणे पुण्याहून प्रथमच नागपुरास आले. चहा होतांच त्यांनीं विचारिलें, "मास्तर, तुमच्या नागपुरांत संत्र्यांवांचून पाहण्यासारखें आहे तरी काय? आमच्याकडे निदान शनिवारवाडा आहे." प्रश्न थट्टेचा होता, पण सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालविलेल्या माणसास तो लागावयाचा तसा लागला. मी म्हणालों, "शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला, आमच्या भोसल्यांचा राजवाडा १८६४ सालीं. तुमचा तट उरला, आमचा दरवाजा उरला. उद्यां सकाळीं चालावयास निघूं." त्या दिवशीं आम्हीं जें पाहिलें तेंच आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

परगांवचा पाहुणा आगगाडींतून उतरतो, सीताबर्डीच्या दुकानांतून हिंडतो, दीक्षाभूमीच्या स्तूपास वंदन करतो आणि परततो. दीक्षाभूमी पाहावी हें मीही सांगेन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह तेथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या शहराच्या इतिहासांत त्याहून मोठा दिवस दाखवितां यावयाचा नाहीं. परंतु शहराचा आरंभ पाहावयाचा असेल, तर रूळ ओलांडून जुन्या वस्तींतच शिरावें लागतें.

म्हणून आम्ही प्रथम महालांत, जुम्मा दरवाज्यापाशीं गेलों. हल्लीं त्यास गांधी दरवाजा म्हणतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानें १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या परिसरांतील बारा लहान खेडीं जोडून हें नगर वसविलें. हा राजा दिल्लीस जाऊन आलेला. औरंगजेबाच्या दरबारीं त्यानें इस्लाम स्वीकारला, पण सोयरसंबंध गोंड घराण्यांशींच ठेविले. परतल्यावर त्यानें नाना ठिकाणचे शेतकरी आणि कारागीर बोलावून आणिले. त्यांत हिंदु होते, मुसलमानही होते. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानें नगरास तट घातला आणि जुम्मा तलाव बांधिला. लोक त्यास शुक्रवारी तलाव म्हणूं लागले, पुढें तोच गांधीसागर झाला. दरवाज्याचें नांव बदललें, तलावाचें बदललें, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण हीं दोन्ही कामें ज्यानें केलीं त्याचें नांव आमच्या शाळेंतील दहा मुलांत एकासही ठाऊक नसे, आणि तें शिकविण्याची जबाबदारी माझीच होती, हें कबूल केलें पाहिजे. पाठ्यपुस्तकांत गोंडांना दोन ओळी असत. मींही दोनच ओळी शिकविल्या.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीचा तंटा लागला. राणी रतनकुंवर हिनें वऱ्हाडांतून रघूजी भोसल्यांस मदतीस बोलाविलें. पाहुणे आले, ते राहिले. १७४३ सालीं राज्य रघूजींच्या हातीं गेलें. गोंड राजाचा किताब त्यांनीं राहूं दिला, नेमणूक बांधून दिली, आणि कारभार मात्र आपण केला. याच गल्ल्यांतून निघालेल्या फौजा बंगालपर्यंत गेल्या. १७५१ च्या तहानें ओरिसाचा ताबा आणि बंगालची वर्षाला १२ लक्ष रुपये चौथाई पदरांत पडली. मेहुण्यांस हें पटावयास वेळ लागला. गल्ली इतकी अरुंद कीं समोरून सायकल आली तर भिंतीस पाठ लावून उभें राहावें लागे.

दुपारीं सीताबर्डीस आलों. वाटेंत झिरो माइलचा खांब लागला. अंतरें कोरलेला हा दगड म्हणजे साऱ्या हिंदुस्थानाचा मध्यबिंदु, असें कोणी सांगतात. मेहुण्यांचा त्यावर विश्वास बसला. मीं वाद घातला नाहीं.

सीताबर्डीस टेंकड्या दोन आहेत, एक मोठी आणि एक लहान. एवढें ध्यानीं घेतल्यावांचून तेथील लढाई कळत नाहीं. आप्पासाहेब भोसल्यानें १८१६ सालीं स्वतःच इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांनीं खडकीस इंग्रजांशीं लढाई दिली. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस, रेसिडेंट जेन्किन्स याचा विरोध असतांही, आप्पासाहेबानें पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेबसुभा पदाचीं वस्त्रें समारंभानें स्वीकारलीं. टेंकड्यांवर कर्नल स्कॉटजवळ चौदाशेंच्या आंत माणसें. भोसल्यांकडे सुमारें १८,००० फौज, त्यांत तीन-चार हजार कडवे अरब. २६ तारखेच्या सायंकाळीं तोंड लागलें आणि मारा रात्रीं उशिरापर्यंत चालला. सकाळीं अरबांनीं लहान टेंकडी घेतली आणि तेथील तोफ मोठ्या टेंकडीवर वळविली. लढाई जिंकल्यांत जमा होती. इतक्यांत खालच्या मैदानांत इंग्रजांच्या घोडदळानें भोसल्यांच्या स्वारांवर चाल केली; लहान टेंकडीवर दारूच्या गाड्याचा स्फोट झाला; त्या गोंधळांत इंग्रजांच्या शिपायांनीं टेंकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारें आटोपलें. इंग्रजांकडील साडेतीनशेंहून अधिक माणसें मेलीं वा घायाळ झालीं.

एका गाड्यानें राज्य घालविलें, असें सांगण्याचा मोह शिक्षकास फार होतो. मुलें कान देऊन ऐकतात. मीही कैक वर्षें तसेंच सांगत आलों. आतां मला तें खरें वाटत नाहीं. पराभव होतांच आप्पासाहेबानें, हें युद्ध आपल्या संमतीनें झालें नाहीं, अशा अर्थाचा निरोप जेन्किन्सकडे धाडला. आपण लढतों आहों कीं नाहीं, हेंच ज्या राजास ठरवितां येईना, त्याच्या अरबांनीं टेंकडी घेऊन काय करावें? १६ डिसेंबरास तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला, पुढल्या वर्षीं पदच्युत झाला, वाटेंतून निसटला, आणि १८४० सालीं जोधपुरास परक्याच्या आश्रयानें वारला. टेंकडीवरील किल्ला इंग्रजांनीं या लढाईनंतर बांधिला. तो भोसल्यांचा किल्ला असें पुष्कळांस वाटतें, तसें नाहीं. हल्लीं तो लष्कराच्या ताब्यांत असून १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशींच सर्वांस खुला असतो. आम्हीं तो खालूनच पाहिला.

खालीं उभें राहून मेहुण्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीनें दत्तक नाकारून १८५४ सालीं राज्य खालसा केलें. वाड्यांतील हत्ती, घोडे, बैल याच सीताबर्डीस आणून मातीमोलानें विकले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. सामान हलवाल तर वाड्यास आग लावीन, असें वृद्ध बांकाबाईंनीं बजाविल्याचें के या इंग्रज इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. १८५८ सालीं त्या वारल्या; वाडा जळाला तो त्यानंतर सहा वर्षांनीं. घराण्यांतील दत्तक जानोजींस पुढें देऊरचे राजेबहादूर हा किताब आणि नेमणूक मिळाली. रघूजींनीं गोंड राजास जें दिलें होतें, तेंच.

मेहुणे बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारिलें, "मास्तर, तो दारूचा गाडा नेमका कोठें उडाला?" मीं लहान टेंकडीच्या दिशेस बोट दाखविलें. त्यांनीं तिकडे पुन्हां एकदां पाहिलें, आणि मग शेजारच्या हातगाडीवाल्यास संत्र्यांचा भाव विचारिला.