वास गेला म्हणजे घर स्वच्छ झालं का?

"डॉक्टर, महागड्या बाटल्यांऐवजी लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा वापरला तर चालेल का?" असं बरेच जण विचारतात. रोजच्या साफसफाईला जरूर चालेल. पण घराला छान वास येणं आणि घरातले जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला.

दुर्गंधी हाच रोग?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुजकी, घाण हवा रोग पसरवते असं युरोपातले बहुतेक डॉक्टर मानत. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा'. त्यामुळे साथ आली की घरात धूप जाळायचा, व्हिनेगर शिंपडायचं.

या समजुतीची किंमत लंडनने मोजली. दुर्गंधी घालवायची म्हणून घरांखालच्या शौचखड्ड्यांतली घाण गटारांतून थेम्स नदीत सोडली गेली. अनेकांचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून येत होतं. 1849 च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये सुमारे 14,000 लोक दगावले. कॉलरा हवेतून नव्हे, दूषित पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो यांनी 1854 च्या साथीत दाखवून दिलं.

मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हाही घरं जंतुनाशकांनी धुतली गेली, भिंतींना चुना लावला गेला. ताजा चुना तीव्र अल्कलीधर्मी असल्याने जंतू मारतो, हे खरं. पण प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. ते पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं.

चुकीच्या कारणाने सापडलेला योग्य उपाय

ब्लीचिंग पावडरची गोष्ट मात्र उलटी आहे. 1799 मध्ये चार्ल्स टेनंट यांनी तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. पुढे पॅरिसमध्ये लाबाराक या औषधविक्रेत्याने जनावरांची आतडी साफ करणाऱ्या कारखान्यांचा असह्य वास क्लोरीनच्या संयुगांनी घालवला.

1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी तापाने दगावत होत्या. शवविच्छेदन करून डॉक्टर थेट बाळंतपणाला जात. साबणाने धुऊनही त्यांच्या हातांचा वास जात नसे. तो वास घालवणाऱ्या क्लोरीनयुक्त चुन्याने हात धुण्याची सक्ती इग्नाझ सेमेलवाइस यांनी केली. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आलं. जंतूंविषयी तेव्हा माहिती नव्हती. क्लोरीन वासाबरोबर जंतूही नष्ट करत होता, म्हणून त्या बायका वाचल्या.

आपण यातून काय घ्यायचं?

- साबण-पाणी आधी. फरशी, ओटा, भांडी यांना बहुतेक वेळा एवढं पुरतं. मळ तसाच असेल तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं.
- व्हिनेगर आणि लिंबू नळावरचे पांढरे क्षाराचे डाग काढतात. खायचा सोडा चिकटपणा आणि फ्रीजचा वास कमी करतो. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, पण ते एकमेकांचा परिणाम मारतात.
- घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर ब्लीच लागतं. 5 टक्के तीव्रतेचं 20 मिली ब्लीच 1 लिटर पाण्यात मिसळा. आधी धुतलेल्या जागेवर लावून 10 मिनिटं ठेवा, मग पुसा. द्रावण रोज ताजं करा. ब्लीचिंग पावडरही दमट हवेत निकामी होते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवा.
- ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा लिंबू कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतो. चुकून मिसळलं गेलं तर लगेच मोकळ्या हवेत जा. खोकला किंवा दम लागला तर थेट रुग्णालय गाठा.
- धूप, उदबत्ती वास झाकतात, जंतू मारत नाहीत. घरात दमेकरी असेल तर धूर टाळा. खिडक्या उघडणं फुकट आहे आणि जास्त उपयोगी आहे.

काटकसर जरूर करा. फक्त कोणती वस्तू कशासाठी आहे, हे ठरवताना नाकावर विसंबू नका.