माओरी मुलांच्या शब्दसंग्रह चाचणीतील सांस्कृतिक पक्षपात

न्यूझीलंडमधील माओरी मुलांचा शब्दसंग्रह परदेशात प्रमाणित केलेल्या इंग्रजी चाचणीने मोजताना, भाषिक क्षमतेमुळे नव्हे तर सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे गुणांत पडणारी पद्धतशीर तफावत. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला म्हणून पक्षपात सिद्ध होत नाही. सारख्याच क्षमतेच्या दोन मुलांपैकी एकाला एखादा शब्द केवळ पार्श्वभूमीमुळे अवघड गेला, तर तो शब्द पक्षपाती ठरतो.

चाचणीची रचना : या संदर्भात प्रामुख्याने पीबॉडी चित्र-शब्दसंग्रह चाचणीचा विचार होतो. लॉइड डन व लिओटा डन यांची ही चाचणी अमेरिकेत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. परीक्षक शब्द उच्चारतो आणि मूल चार चित्रांपैकी योग्य चित्रावर बोट ठेवते. वाचावे-लिहावे लागत नाही, म्हणून ती वरवर निःपक्ष वाटते. मात्र पहिल्या आवृत्तीची प्रमाणके टेनेसी राज्यातील नॅशव्हिल परिसरातल्या ४,०१२ गोऱ्या व्यक्तींवरून ठरवली होती आणि मिळालेल्या गुणांवरून बुद्ध्यंकही काढला जाई. पुढील आवृत्त्यांत अमेरिकेतील विविध गटांचा समावेश झाला व बुद्ध्यंकाची भाषा मागे पडली.

पक्षपाताची कारणे : पहिले कारण शब्दांची निवड. उदाहरणार्थ, न्यूझीलंडच्या रानात खारी नाहीत, त्यामुळे ‘खार’ हा शब्द तेथील मुलाला अनोळखी वाटू शकतो. उलट कुमारा (रताळे), पुकेको (पाणपक्षी), माराए (सभास्थान), हांगी (जमिनीत पुरून शिजवलेले जेवण) हे शब्द तेथील रोजच्या इंग्रजीतही रुळलेले आहेत. अमेरिकन शब्दयादीत अशा ज्ञानाला गुण नाहीत.

दुसरे, कमी लक्षात येणारे कारण म्हणजे शब्दांचा क्रम. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत २०४ शब्द असून १२ शब्दांचा एक याप्रमाणे १७ संच सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका संचात आठ किंवा अधिक चुका झाल्या की चाचणी तिथेच थांबते. ही काठिण्यक्रमवारी अमेरिकन नमुन्यावरून ठरलेली आहे. स्थानिक दृष्ट्या अनोळखी शब्द एकाच संचात दाटले, तर पुढच्या संचांतील ओळखीचे शब्द मुलाला विचारलेच जात नाहीत.

तिसरे कारण द्विभाषिकता. १८६७ च्या कायद्यानंतरच्या माओरी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम धरले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शहरी स्थलांतराने घरातली माओरी भाषाही आक्रसली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या कोहांगा रेओ या माओरी भाषेतील बालशाळांनी हा प्रवाह उलटवायचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये माओरी भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. अशा बालशाळेतून आलेल्या मुलाचे शब्द दोन भाषांत वाटलेले असतात. इंग्रजी चाचणी त्यांतला एकच वाटा मोजते. शिवाय अनोळखी मोठ्या माणसासमोर गप्प राहणाऱ्या मुलाचा संकोच अज्ञान म्हणून नोंदला जाऊ शकतो.

संशोधन व उपाय : ट्रेसी हाइताना, सुझॅन पितामा व ज्युलिया रकलिज यांनी तिसऱ्या आवृत्तीतील सांस्कृतिक पक्षपाताचा न्यूझीलंडमधील मुलांच्या संदर्भात अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षपात कमी करण्यासाठी स्थानिक प्रमाणके लागतात, पण तेवढ्याने भागत नाही, कारण चुकीच्या जागी थांबलेली चाचणी प्रमाणके बदलून पुढे सरकत नाही. त्यासाठी प्रत्येक शब्दाचे काठिण्य स्थानिक मुलांवर तपासून क्रम नव्याने लावावा लागतो. शब्दशः भाषांतरही अपुरे, कारण भाषा बदलली की काठिण्यही बदलते. शाळाप्रवेशाच्या वेळी माओरी भाषेतूनच मूल्यमापन करणारे ‘आरो मातावाई उरुंगा-आ-कुरा’ हे साधन या दिशेचे आहे.

कमी गुणांचे खापर सरसकट पक्षपातावर फोडणेही धोक्याचे असते. मध्यकर्णात द्रव साचून ऐकू कमी येण्याचे प्रमाण माओरी मुलांत तुलनेने जास्त असून त्यानेही शब्दसंग्रह खुंटतो. म्हणून निष्कर्षापूर्वी श्रवणतपासणी, घरातील भाषांची माहिती आणि दोन्ही भाषांतील शब्दांची एकत्रित नोंद आवश्यक ठरते.