कॅथेटर काढल्यानंतर

हातापायाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजेच कॅथेटर, हृदयापर्यंत नेऊन तेथील दाब आणि रक्तातील ऑक्सिजन मोजण्याच्या तंत्राचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या धाडसाची कथा म्हणून सांगितला जातो. नळी बाहेर काढल्यानंतर लहान मुलांच्या जिवाला होणारा अपाय वेळीच ओळखण्याचे ज्ञान परिचारिकांकडे कसे जमत गेले, हा त्याच इतिहासाचा भाग मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः त्याच्या प्रारंभीच एक परिचारिका आढळते. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने वरिष्ठांचा नकार डावलून स्वतःच्याच हृदयात नळी नेली, तेव्हा निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन हिच्याकडे होती. तिने प्रयोगासाठी स्वतःलाच पुढे केले असता फोर्समानने तिला टेबलाला बांधले आणि प्रयोग केला तो स्वतःवर. १९५६ मध्ये त्याला कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. डिट्झेन मात्र या कथेतील गमतीदार प्रसंगापुरतीच उरली, हे इतिहासलेखनाच्या सवयीला धरूनच झाले.

१९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ‘निळ्या’ बालकांवर ब्लॅलॉक-टॉसिग शस्त्रक्रिया सुरू झाली आणि जन्मजात हृदयदोषाच्या अचूक निदानाची निकड वाढली. या शस्त्रक्रियेला ज्यांचे नाव आहे त्या टॉसिग यांच्याकडे शिकलेल्या डॉ. पद्मावती यांनी १९५४ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात कॅथेटर प्रयोगशाळा उभारली. त्याआधीच, १९५३ मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगरने सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची रीत मांडली होती. ती रूढ झाल्यावर रक्तवाहिनी कापून उघडी करण्याची गरज बहुतांशी संपली, पण टाके घातलेल्या जखमेऐवजी केवळ दाबून बंद केलेले छिद्र मागे राहू लागले आणि धोक्याचे स्वरूपच पालटले. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात रॅशकिंड आणि मिलर यांनी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडदा फुग्याने फाडून रक्ताची सरमिसळ घडवण्याचा उपचार प्रसिद्ध केला, तेव्हापासून जन्मून काही तासच झालेली अर्भकेही कॅथेटरच्या टेबलावर येऊ लागली.

अर्भकाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे ३ किलोच्या बाळाचे एकूण रक्त साधारण २४० मिलिलिटर भरते. त्यातले २५ मिलिलिटर, जेमतेम पाच चमचे, वाहून गेले तरी दशांशाहून अधिक रक्त गेलेले असते. उताण्या बाळाच्या जांघेतील छिद्रातून झिरपलेले रक्त वरून दिसत नाही, ते लंगोटात मुरते किंवा कुल्ल्यांखाली साचते. म्हणून अनुभवी परिचारिका वरची पट्टी कोरडी पाहून थांबत नाही, तर लंगोट उघडते, पाठीखाली हात घालते आणि जांघ फुगून कडक झाली आहे का, हे बोटांनी चाचपते. पाऊल दुखते की बधिर झाले, हे बाळ सांगू शकत नसल्याने दोन्ही पावलांची तुलना हाच तिचा आधार ठरतो. कॅथेटर घालण्यापूर्वीच पावलावरील नाडीच्या जागी पेनाने खूण केलेली असेल, तर नंतर न लागणारी नाडी मुळातच क्षीण होती की आता हरपली, याचा वाद उरत नाही. थंड, फिकट पाय धमनीतील अडथळा सुचवतो. सुजलेला, निळसर पाय नीलेतील अडथळा. धमनी केवळ आकसली असेल तर नाडी काही वेळाने परत येते, गुठळी असेल तर वाट पाहणे महागात पडते, आणि हा भेद एका तपासणीत नव्हे, तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा केलेल्या नोंदींतून उलगडतो.

१९७४ मध्ये फ्रीड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळे मुलांच्या धमनीत गुठळी होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. मात्र तेच औषध छिद्रातून रक्त वाहण्याची शक्यता वाढवते, त्यामुळे पाऊल आणि लंगोट या दोन्ही ठिकाणची तपासणी पूर्वीइतकीच आवश्यक राहिली.