अमेरिकेतील शासकीय कामकाजबंदी (२०१३)
अमेरिकेच्या संघीय शासनाचे कामकाज १ ऑक्टोबर २०१३ पासून १६ दिवस अंशतः बंद राहिल्याची घटना. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) खर्चास मंजुरी न दिल्यास अत्यावश्यक नसलेली कामे थांबतात. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याचा निधी रोखल्याशिवाय खर्चास संमती नाही, अशी भूमिका टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी घेतली व सिनेटमध्ये सलग २१ तासांहून अधिक भाषण केले. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन, तर सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक बहुमत असल्याने कोंडी झाली. सुमारे ८ लाख कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले. राष्ट्रीय उद्याने बंद झाली. टी पार्टी या पुराणमतवादी चळवळीच्या समर्थकांना क्रूझ तत्त्वनिष्ठ वाटले. डेमोक्रॅटांनी त्यांना अडवणुकीबद्दल दोषी धरले. जॉन मॅकेन यांसारख्या स्वपक्षीयांनीही टीका केली. अखेर सिनेटने ८१–१८ व प्रतिनिधिगृहाने २८५–१४४ मतांनी तडजोड संमत केली. आरोग्यविमा कायदा मुख्यतः तसाच राहिला. सत्ता विभागलेली असताना तडजोड नाकारण्याची किंमत सामान्य नागरिकाला मोजावी लागते, हे या घटनेने दाखवले.