मांजरपाटावरचे सहा आकडे

साल 1972. दिवाळी तोंडावर आली आहे. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडलात की बाजूलाच जीपीओचा, म्हणजे मोठ्या टपाल कचेरीचा घुमट. जॉन बेग यांनी आखलेली ही इमारत 1913 साली बांधून झाली. घुमट पाहून विजापूरचा गोलघुमट हटकून आठवतो, पण वर बघायला आज तुम्हाला सवड नाही. बगलेत पत्र्याचा डबा आहे, त्यात नागपूरला दिलेल्या बहिणीसाठी चकल्या आणि बेसनाचे लाडू. दुष्काळाचं वर्ष. रेशनची साखर पुरवून पुरवून आईनं ते वळले आहेत. डबा पोचलाच पाहिजे.

कबुतरखान्याजवळ पत्रं लिहून देणारे बसतात, तेच पार्सलंही शिवून देतात. त्यातले एक म्हातारेबुवा डब्याला मांजरपाट गुंडाळतात आणि दाभणानं टाके घालू लागतात. टाके इतके जवळजवळ की मध्ये करंगळीचं नखही शिरू नये. मग मेणबत्तीवर लाखेची कांडी धरतात. लाल थेंब शिवणीवर टपकतो, जरा घट्ट होतो, आणि ओला करून घेतलेला पितळी शिक्का त्यावर दाबला जातो. जळक्या लाखेचा वास नाकात बसतो. वाटेत कुणी टाका उसवलाच तर लाख फुटणार आणि चोरी लपणार नाही. साधी युक्ती, पण मला तिचं फार कौतुक वाटतं.

पत्ता तुम्ही स्वतः घालता. शाई कापडावर फुटते, म्हणून जांभळी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून.

खिडकीशी तुमच्यापुढे एक गृहस्थ आहेत. कारकून त्यांना विचारतो, "काका, पिंपळगाव कुठलं? जिल्हा लिहा. आणि नवा नंबर?" काका गोंधळतात. हा नंबर म्हणजे पिनकोड. तो 15 ऑगस्टला आला, अजून तीन महिनेही झालेले नाहीत. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगावं किती आणि वडगावं किती! त्यात देशभरच्या लिप्या, नाना हस्ताक्षरं. ह्या गुंत्यावर तोडगा काढला तो टपालखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, संस्कृतचा कवी आणि नाटककार. पिनकोड रोज लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? शाळेत शिकवावं असं नाव आहे हे.

तुमच्या पार्सलावर 440001 आहे. पहिला 4 म्हणजे देशाचा पश्चिमेकडचा विभाग. असे एकूण नऊ, त्यातला नववा लष्कराचा. 44 म्हणजे विदर्भ, 440 म्हणजे नागपूरचा वर्गवारी जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे थेट वाटपाचं पोस्ट सांगतात.

कारकून पार्सल काट्यावर ठेवतो, शिवण फिरवून बघतो, तिकिटं लावायला सांगतो. रजिस्टरची नंबराची चिठ्ठी चिकटते, तिकिटांवर शिक्क्याचा दणका बसतो, कार्बन घालून लिहिलेली पावती हातात येते. तुमच्यापुरतं काम झालं.

पण कल्पनेनं तुम्ही आतही जाऊ शकता. पार्सलं दिशेप्रमाणे वेगळी होतात. नागपूरची एका किंतानी थैल्यात, सोबत नगांची यादी. थैल्याचं तोंड सुतळीनं आवळून तिथंही लाख. मग स्टेशन. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात माणसं चालत्या गाडीत, दिव्याखाली उभी राहून, खणाखणांत पत्रं टाकतायत. कसारा घाटात गाडी हेलकावते तरी हात थांबत नाही. थैले कोपऱ्यात रचलेले. त्यातल्या एकात तुमचे लाडू.

आज मांजरपाट जवळजवळ गेला, लाख गेली, बारकोड आले. आकडे मात्र तेच सहा आहेत. पुढच्या दिवाळीत फराळ पाठवाल तेव्हा ते एकदा ताडून पाहा आणि ठळक लिहा.