परळचे जंतू, हावड्याचा खून: जैविक शस्त्रांचे अभ्यासक नेमकं काय शोधतात?

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने परळला येणाऱ्यांना हाफकिन संस्था ठाऊक असते ती लसींमुळे. प्लेगवरच्या संशोधनासाठी १८९९ साली सुरू झालेल्या या संस्थेचं नाव जैविक शस्त्रांच्या जागतिक अभ्यासातही येतं. कारण आहे एक खून.

२६ नोव्हेंबर १९३३. पाकुडच्या जमीनदार घराण्यातला तरुण अमरेंद्र पांडे हावडा स्टेशनवर गाडीकडे निघाला होता. गर्दीत कुणीतरी त्याच्या दंडाला काहीतरी टोचून पसार झालं. ४ डिसेंबरला अमरेंद्र गेला. रक्तात सापडले प्लेगचे जंतू.

तपास थेट मुंबईत पोचला. अमरेंद्रचा सावत्र भाऊ बिनयेंद्र याचा इस्टेटीवर डोळा होता. त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य याने हाफकिनकडे जंतू मागितले, पण वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. इथपर्यंत सगळं नियमाने झालं. मग जुलै १९३३ मध्ये तो प्लेगच्या औषधावर प्रयोग करायचा म्हणून आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, शिरला. तिथे हाफकिनचेच जंतू आलेले होते! पुढचा दरवाजा बंद होता, मागचा उघडा राहिला. दोघांना फाशी सुनावली गेली. १९३६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने ती बदलून जन्मठेप दिली.

वॉशिंग्टनच्या नॅशनल डिफेन्स युनिव्हर्सिटीतले सेथ कॅरस यांनी १९०० पासूनच्या अशा घटना जमवल्या, तेव्हा हा खटलाही त्यात घेतला. त्यांच्या यादीत धमक्या आणि अफवांचाच भरणा मोठा. खरोखर जंतू वापरल्याच्या घटना थोड्या. म्हणून तर ही केस मोलाची. जंतू किती घातक, याइतकाच ते कुणाच्या हाती कसे लागले, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

त्यामुळे या क्षेत्रात फक्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसतात. इतिहास, कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेलेही असतात. जैविक शस्त्रबंदीचा करार १९७५ पासून लागू आहे, भारताने तो १९७४ मध्येच मंजूर केला. पण करार पाळला जातोय का, हे तपासणारी यंत्रणाच त्यात नाही.

१९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने साठहून अधिक माणसं मेली. सरकार म्हणालं, दूषित मांस. १९९२ मध्ये मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकासोबत गेलेल्या समाजशास्त्रज्ञ जीन गिलेमिन मृतांच्या घरोघरी फिरल्या, त्या दिवसांत कोण कुठे होतं हे विचारत. नकाशावर ठिपके मांडले, तर बहुतेक एकाच अरुंद पट्ट्यात आले. पट्ट्याच्या एका टोकाला लष्करी प्रयोगशाळा होती आणि वारा त्या दिवशी त्याच दिशेने वाहत होता.